सीमेएण्णे

बसा हो पावणं, बसा. त्या बाकड्यावर नगं, त्येचा एक पाय मोडलाय. हिकडं कट्ट्यावर या. तुमची बस काय एवढ्यात येत न्हाय. डिझेल चढलं तशा फेऱ्या उतरल्या, आणि जी एक उरलीया ती बी तिच्या मनात आलं तर येतीया. तवर ज्योतिबा चा ठेवतोय. चुलीवरचा हाय, धुराचा वास यील, त्येला नाव ठिवू नगा. ग्यास मिळंना झालाय त्येला त्यो तरी काय करील?

चा उकळंस्तोवर तुमास्नी एक गोष्ट सांगतो. देशानं तेल कुठनं आणावं, कशावर गाड्या चालवाव्यात, ह्याच्यावर दिल्लीत मोठमोठी माणसं एकामेकाची डोकी खात्यात म्हणं. त्येंचा निकाल अजून लागलेला न्हाय. आमच्या गावात लागला. कसा लागला, तेवढं ऐका.

आमच्यात भावकूअण्णा म्हणून एक हाय. त्येची बायको जयाबाई. बेळगुंदीच्या वाटंला, ओढ्याच्या वरल्या अंगाला त्येंचं लाल मातीचं रान हाय. कागदावर रान भावकूचं, पर खरं म्हणायचं तर जयाबाईचं. भावकू रानात जायाचा ते रान जाग्यावर हाय का बघायला. त्या रानात जयाबाईनं उन्हाळी मिरची लावलीती. भावकू म्हटला हुता, उन्हाळ्याचं पीक म्हंजे उन्हाशी कुस्ती, लावू नगं. तिनं लावली. आणि अशी आली म्हंता, कमरंला लागायची, पांढऱ्या फुलांनी लगडलेली. बांधावरनं जाणारी बाई हुबं ऱ्हाऊन बघायची आणि मग नजर लागाय नगं म्हणून थुकून जायाची.

आणि बरोबर फुलावर असताना रानातला टीसी जळाला. टीसी म्हंजे त्यो खांबावरचा डबा, ज्येच्यातनं मोटरीला करंट येतोय. धाडकन आवाज झाला, वरचं कावळं उडालं, आणि मोटर बसली. वीजवाल्यांस्नी सांगिटलं तर म्हटले नंबरात हाय. कुठल्या नंबरात, ते म्हटले न्हाईत.

हिरीत पाणी हाय, पर वर काढायचं कशानं? सासऱ्याच्या येळचं एक इंजिन खोपीत पडलेलं. रॉकेलवरचं. पेट्रोलचं जरा चाटण दिलं की डोळं उघडतंय, आणि मग रॉकेल पीत दिसभर फटफटत बसतंय. इंजिन चांगलं हाय, पर रॉकेल आणायचं कुठनं? रेशनचं रॉकेल बंद हुन एक पिढी लग्नाला आली. आडातच न्हाय तर पोहऱ्यात कुठनं यील? दुसऱ्याचं डिझेलवरचं इंजिन मागून आणावं, तर पंपावरनं कॅनात डिझेल द्यायचं बंद. गाडी घेऊन या म्हणत्यात. आता हिरीला चाकं लावून पंपावर न्ह्यायची व्हय?

तर जयाबाई डोकीवर घागरी वहायला लागली. हिरीत उतरायचं, घागर भरायची, चढायचं, दोन बुडख्यांस्नी पाणी घालायचं, परत उतरायचं. वैजनाथाच्या डोंगराकडनं वारं सुटायचं, असं कोरडं की वल्लं लुगडं वाटंतच वाळायचं. एका कडंनं भिजवत दुसऱ्या कडंला जावं तर पयली कडा मान टाकून बसलेली. मिरची फुलावर तानली की फूल गळतं पावणं. आणि गळलेलं फूल काय परत चिकटवता येत न्हाय.

एक दिस सकाळच्या पारी ती भावकूला म्हटली, "अवो, आज कायतरी करा."

"करालोय की."

"काय करालाय?"

"इचार करालोय."

"इचारानं मिरची भिजतीया व्हय?"

"अगं, ह्यो एकट्या आपल्या मिरचीचा सवाल न्हाय. सबंध देशाचा सवाल हाय. आपण तेल बाहेरनं आणतोय. तिकडं कोण कुणाशी भांडलं, नळ बंद झाला, की हितं तुझी मिरची वाळती. मूळ दुखणं ते हाय."

"मूळ दुखणं मुळाला पाणी न्हाय ह्ये हाय," म्हणत जयाबाईनं घागर उचलली. भावकूनं टोपी उचलली आणि ज्योतिबाच्या हाटेलाकडं वाट धरली.

आता भावकूचं एक सांगाय पायजे, न्हायतर तुमास्नी पुढलं कळायचं न्हाय. भावकू तरणा असताना शिरोलीला, कोल्हापूरच्या पलीकडं, फौंड्रीत कामाला हुता. उमेदीची सालं तिकडं गेली. माघारी आला त्यो टोपी आणि तत्त्व घेऊन. तत्त्व काय, तर आपण मराठी माणूस, सीमाभागातला, कानडी कानात घ्यायचं न्हाय. सीमालढ्याच्या प्रत्येक मोर्च्याला त्यो पुढं. लाठी बी खाल्लीया त्येनं, खोटं कशाला सांगू? पर कानाला काय दार असतंय? बाजारात, बशीत, चार शब्द आत शिरलंच. "नाळे" म्हंजे उद्या, "अंगडी" म्हंजे दुकान, "एण्णे" म्हंजे तेल. एवढं कळायचं. काहीच न कळणारा काठावर ऱ्हातो आणि समदं कळणारा पवून जातो. बुडतो त्यो अर्धं कळणारा.

तर हाटेलात मष्णू बसलेला. मष्णूचा टॅक्टर हाय, ऊस हाय, आणि मत बी हाय.

"अण्णा, उगं जीव खाताय," मष्णू म्हटला. "बाहेरच्या तेलाचं आता काय नडत न्हाय. पेट्रोलात उसाचं पाणी घालालेत. माझा ऊस आता गाडीत जातोय."

"तुझा ऊस गाडीत जातोय तर माझी गाडी चढावर आचकं कशापाय देतीया?"

"तिला गोड मानवत न्हाय," ज्योतिबा चुलीत फुकत म्हटला.

एवढ्यात रस्त्यानं भोंगा लावलेली रिक्षा आली. भोंग्यात एक बाई, लई गोड आवाजात, बेंगळूरच्या शुद्ध कानडीत बोलालीती. "नाळे बेळिग्गे न्यायबेले अंगडियल्ली सीमेएण्णे कोडलागुवुदु."

म्हंजे, उद्या सकाळी रेशनच्या दुकानात रॉकेल मिळंल. ग्यासची वढाताण झालीया म्हणून कितीक सालानं रॉकेल सोडलं हुतं सरकारनं. सीमेएण्णे म्हंजे रॉकेल, पावणं. कानडीत सीमे म्हंजे विलायती. जरशी गाय ती सीमे गाय, तसं विलायती तेल ते सीमेएण्णे. पर आमच्याकडला कानडी माणूससुदीक असं म्हणत न्हाय. त्यो म्हणतोय "चिमणी एण्णी". चिमणी एण्णी म्हटलं असतं तर भावकूला बी कळलं असतं. पर बाई बेंगळूरची.

भावकू ताडकन हुबा ऱ्हायला. कप कलंडला.

"ऐकलासा? सीमेएण्णे! सीमेचं तेल!"

मष्णूनं ज्योतिबाकडं बघिटलं.

"सीमाभागातल्या लोकांस्नी येगळं तेल काढलंय. लाच हाय ही, लाच! आज तेल घेटलं की उद्या म्हणणार, तेल प्यालासा, आता सीमेचं नाव काढू नगा. वळखलं मी!"

मष्णू सांगायला तोंड उघडणार, तर ज्योतिबानं फळीखालनं त्येच्या पायावर पाय दिला. "ऱ्हाऊ दे की," हळूच म्हटला. "लायनीत एक माणूस कमी."

भावकू तिथनं जो निघाला तो दारोदार. "सीमेएण्णे घेऊ नगा. तेलासाठी सीमा इकू नगा." आणि पावणं, नवल म्हंजे समदी व्हय म्हणायला लागली. "बराबर हाय अण्णा." "आमी न्हाय घेत अण्णा." जो तो मनात म्हणालेला, माझ्याबिगर समद्यांनी ह्येचं ऐकलं तर लई बरं हुईल. बिचाऱ्या भावकूचं गावानं आजवर कधी काय ऐकलं न्हवतं. त्या दिशी गाव मान डोलवालेलं. दिस कलायच्या टायमाला त्येनं रवळनाथाच्या देवळात जाऊन, चार माणसात भंडारा उचलून आण घेटली, ह्या हातानं सीमेएण्णे घेणार न्हाय.

जयाबाईला ह्येतलं काय म्हाईत न्हाय. ती हिरीत. वर आली तर शेजारच्या रानातली मालुबाई कॅन धूत बसलीती.

"जये, कॅन धुतलास व्हय?"

"कशाला?"

"अगं, उद्या रॉकेल देणार हाईत रेशनला."

जयाबाईनं घागर खाली ठेवली. मिरचीकडं बघिटलं. मग मालुबाईकडं. "खरं?"

"खरं. पर तुला मिळायचं न्हाय." आणि मालुबाईनं हसत हसत समदं सांगिटलं, सीमेचं तेल, लाच, भंडारा, आण. सांगताना तिला एवढं हसू यायलं की धुतलेला कॅन परत मातीत पडला.

जयाबाई हसली न्हाय. घरला गेली. भावकू सोप्यात बसलेला, टोपी मांडीवर, तोंडावर असलं समाधान की लगीन ठरल्यालं पोरगं दिसावं.

"जया, आज गाव ऐकलं माझं."

"व्हय?"

"मष्णूनं सोता चा पाजला. म्हटला, अण्णा तुमी हाईसा म्हणून गाव हाय."

जयाबाईनं तोंड उघडलं. "अवो, ते सीमेएण्णे न्हवं का, ते..." आणि थांबली.

"काय?"

"काय न्हाय. भाकरी वाढू?"

मालुबाई दुसऱ्या दिशी तिला म्हटली, सांगून टाकायचं की गं. तर जयाबाई म्हटली, "सांगिटलं असतं तर त्येंची लाज बी गेली असती आणि माझी मिरची बी. त्यो माणूस चुकला म्हणून कळलं तरी आण मोडायचा न्हाय. वर आणि घराच्या भायेर पडायचा न्हाय, मला बी कॅन उचलू द्यायचा न्हाय. त्यापरास ऱ्हाऊ दे."

सकाळी भरमूच्या रेशन दुकानापुढं ही लाईन. भरमूचं दुकान ह्येच की समोरचं, ते निळ्या दाराचं. ज्योतिबाच्या चुलीवरनं हाक मारली तर ऐकू जातंय. आणि दुकानाच्या पायरीवर भावकू हात जोडून हुबा.

"मालुबाई, तू पण? कॅन कशाला आणलायस?"

"पाणी प्यायला, अण्णा. लाईन लांब हाय."

"दोन कॅन?"

"तान लई लागती मला."

दुसरा कॅन जयाबाईचा हुता. जयाबाई मोकळ्या हातानं, पदर सावरून मागं हुबी. भावकूनं बघिटलं. "तू गं?"

"तांदूळ घ्यायला आले. तांदूळ काय सीमेचा न्हाय न्हवं?"

"तांदूळ घे. पर भरमू मधीच तेल देऊ करंल, ध्यान ठिव."

आता ह्यो गडी पायरीवर हुबा असताना तेल कसं घ्यायचं? जयाबाईनं आधीच मष्णूच्या घरला जाऊन सांगून ठेवलं हुतं, "दाजी, त्येंस्नी हाटेलात बसवा. चा पाजा आणि देशाचं कायतरी इचारा." मष्णूनं कडू काढा पिल्यागत तोंड केलं, पर त्येला बी तेल पायजे हुतं आणि पायरी मोकळी पायजे हुती. त्येनं हाटेलातनं हाक दिली.

"अण्णा! ओ अण्णा! जरा हिकडं या. माझा घोळ झालाय. नवा टॅक्टर घ्यावा म्हणतो. करंटावरचा घेऊ का उसाच्या तेलावरचा?"

भावकूचं पाय पायरीवर ऱ्हाईनात. माशी गुळावर जावी तसा गडी गेला.

"करंटावरचा? करंट कुठनं आणशील?"

"सूर्यावरनं. पत्र्यावर त्या काळ्या फळ्या बसवायच्या."

"आणि पावसाळ्यात? आपल्यात सूर्य पावसाळ्यात चार म्हैनं माहेरला जातोय. टॅक्टर काय खोपीत बसवून पूजा करणार?"

"मग अणूचं करू," ज्योतिबा म्हटला. "कारवारच्या बाजूला करत्यात की अणूचं."

"अणू लई बारीक असतोय. आपल्या टीसीत साधा जाडा करंट टिकंना, आणि अणू टिकतोय व्हय?"

"तर मग धोरण काय धरावं अण्णा, देशानं?"

"मी सांगतो. जे आपल्या मातीत पिकतंय त्येच्यावर देश चालवायचा. बाहेरचा थेंब नगं."

"आमच्या मातीत रताळी पिकत्यात."

"रताळ्यावर चालवायचा."

"आणि तुमच्या रानात मिरची हाय."

"तीवर बी चालंल."

"धूर तिखट यील अण्णा. मागल्या गाडीवाला रडंल."

लायनीत हुबी ऱ्हाऊन जयाबाई समदं ऐकालीती. मिरची हा शब्द त्येंच्या तोंडात आला, एवढं तरी झालं, तिनं मनात म्हटलं.

नंबर आला. भरमूनं अंगठ्याची मशीन पुढं सारली. जयाबाईनं अंगठा ठेवला. मशीन गप. परत ठेवला. लाल दिवा.

"आक्का, अंगठा घेत न्हाय तुमचा."

"कशापाय?"

"रेघा झिजल्यात. काय केलासा हाताला?"

"घागरी वढल्या."

"डोकीला पुसून ठिवा. तेलकट झाला की घेतंय कवाकवा."

डोकीला पुसला. पदराला पुसला. मालुबाईनं फुकून दिला. लाल दिवा काय हटंना. मागनं लाईन कुरकुराय लागली.

"कार्डावर दुसरं नाव कुणाचं हाय?" भरमूनं इचारलं.

पोरगा स्वरूप बेळगावात, अनगोळला ऱ्हातोय, नोकरीला. त्येचं कार्ड निराळं. ह्या कार्डावर दोनच नावं. जयाबाईनं मान वळवली आणि हाटेलाकडं बघिटलं. तिच्यासंगट सबंध लायनीनं बघिटलं. हाटेलात भावकू हात वर करून सांगालेला, "शेणाचा ग्यास! गावागणीक शेणाचा ग्यास!"

"त्यो अंगठा मिळतोय व्हय आक्का," भरमू म्हटला. "त्यापरास ऱ्हाऊ दे औंदा."

जयाबाईच्या डोळ्यापुढं फुलं आली. त्या दिशी पहाटं बुडख्यात पांढरा सडा पडलेला तिनं बघिटला हुता. आज न्हाय भिजलं तर उद्या भिजवायला काय उरणार न्हवतं.

"भरमू, ही मशीन उचलून न्हेता येती?"

"येती."

"मग चल. मी बोलते. तू निस्ती मान हलव."

आणि ती रस्ता वलांडून गेली. लगीन हुन ह्या गावात आल्यापास्नं बाई कधी ह्या हाटेलाच्या पायरीला लागली न्हवती. ज्योतिबानं चुलीत फुकायचं थांबवलं.

"अवो," ती म्हटली, "तुमचा बहिष्कार चालत न्हाय म्हणं."

"कोण म्हणतं?"

"ह्यो भरमू. निस्तं तोंडानं म्हणून भागत न्हाय. कोण घेतलं न्हाय ते वर बेंगळूरला कळायला पायजे. मशीनवर अंगठा दिल्याबिगर त्येंस्नी कळत न्हाय."

भावकूनं भरमूकडं बघिटलं. भरमूच्या कपाळाला घाम. त्येनं मान हलवली.

"म्हंजे नाकारायचा पण अंगठा असतोय?"

"अ... असतोय की," भरमू म्हटला. "नवीन निघालंय."

"कुठला? डावा का उजवा?"

"डावा चालंल."

"डावा कशापाय? चोरी हाय व्हय?" भावकूनं बाही मागं सारली. "निषेध उजव्या हातानंच करायचा असतोय." आणि असा अंगठा ठेवला पावणं, की मशीन भरमूच्या हातात दबली.

हिरवा दिवा.

"झालं?"

"झालं अण्णा. पक्कं झालं. आता ह्या म्हैन्यात तुमच्या कार्डावर कोण देऊ म्हटलं तरी देता येत न्हाय."

"शाब्बास!" भावकूची छाती फुगली. लायनीकडं वळला. "बघताय काय? या हिकडं! समद्यांनी द्या अंगठं!"

आणि लाईन हलली की हो. दुकानापुढनं उठली आणि हाटेलापुढं लागली. भावकू बाजूला हुबा ऱ्हाऊन एकेकाच्या पाठीवर थाप देतोय, एकेक जण गंभीर तोंड करून अंगठा देतोय, आणि दुकानाच्या मागल्या अंगानं, परड्यातनं, आपला कॅन भरून घेऊन बांबूच्या बेटामागनं घरला जातोय. मष्णूनं अंगठा देताना "सीमा आमच्या हक्काची" अशी घोषणा बी दिली. गावात एक कार्ड बहिष्कारातनं सुटलं न्हाय, आणि भरमूच्या पिंपात एक थेंब उरला न्हाय.

जयाबाईनं कॅन घेतला तो घरला न्हेलाच न्हाय. वाटंत रवळनाथाच्या देवळापुढं ठेवला, नारळ फोडला आणि देवाला म्हटली, "आण हाताची हुती, अंगठा दिलाय. आणि तुला कानडी येतंय, मराठी येतंय. तूच समजून घे." मग रानात गेली. इंजिनाला पेट्रोलचं चाटण दिलं, दोरी वढली. पयल्यांदा खोकलं. दुसऱ्यांदा शिवी दिल्यागत धूर सोडला. तिसऱ्यांदा फट, फट, फट करून लागलं की. पाइपातनं पयलं गढूळ, मग निवळ पाणी पाटात पडलं. वाळल्या मातीनं असा आवाज केला की तान्ह्या पोरानं आईला तोंड लावावं.

इंजिनाचा आवाज गावात गेला. मुलकाचं जुनं इंजिन, आवाज कसा लपवायचा? भावकू धापा टाकत रानात आला.

"जया! रॉकेल कुठनं आलं?"

जयाबाईनं ह्येचं उत्तर ठरवून ठेवलं हुतं. नंदगडला तिचा भाऊ हाय, त्येनं धाडलं म्हणून सांगायचं. पर तिनं भावकूच्या तोंडाकडं बघिटलं. सकाळच्या जिंकल्याल्या तोंडावर आता भ्या उतरलेलं. आपल्याच घरात फितुरी झाली काय, असलं भ्या. ती येगळंच बोलून गेली.

"सरकार घाबरलं."

"आं?"

"तुमी समद्या गावाचं अंगठं दिलासा न्हवं? गेलं ते बेंगळूरला. सीमेएण्णे कोणच घेत न्हाय म्हटल्यावर त्येंनी काय करावं? भरमूला सांगिटलं, ते सीमेएण्णे ऱ्हाऊ दे, त्येच्या बदली त्या गावाला साधं रॉकेल द्या."

"साधं?"

"साधं."

"काय अट बिट?"

"बिनशर्त."

भावकू बांधावर बसला. टोपी काढली, परत घातली. 

"समद्यांस्नी मिळालं?" त्येनं हळू इचारलं.

"समद्यांस्नी."

"मष्णूला बी?"

"मष्णूला बी."

"त्यो तर उसाच्या तेलवाला."

"तरी बी दिलं."

"चांगलं केलं," भावकू म्हटला. "हयात लढण्यात गेली जया. लाठ्या खाल्ल्या, जेलात बसलो. पर कायतरी हातात पडलं, ते आजच."

जयाबाई पदर तोंडाला लावून इंजिनाकडं वळली. इंजिनाच्या आवाजात हसल्यालं काय आणि रडल्यालं काय, कुणाला कळतंय?

मागं वळून बघते तर भावकू बांधावर न्हाय. धोतर वर खोचून, खोरं घेऊन पाटात उतरल्याला. "सर बाजूला," म्हटला, "मी दारं धरतो. तू बस जरा." आणि त्या माणसानं एकेक सरी भिजवली. लावणीपास्नं ज्येनं त्या मिरचीला हात लावला न्हवता, त्येनं. सरकारनं बिनशर्त दिल्यालं रॉकेल वाया घालवायचं न्हाय, ह्ये बी एक तत्त्वच झालं त्येचं. फुलं टिकली. तवर टीसीचा नंबर बी लागला. मिरची गोव्याला गेली, चांगली गेली.

तर असा आमच्या गावात तेलाचा निकाल लागला. आता ज्योतिबा चा गाळालाय, घ्या. आणि तो बघा, वरनं टोपीवाला यालाय, हातात खोरं हाय, त्योच भावकूअण्णा. अनोळखी माणूस दिसला की त्यो आधी बहिष्काराची गोष्ट सांगतोय, त्येच्या बाजूनं. मग इचारतोय, त्या सीमेएण्णेचं पुढं सरकारनं काय केलं वो? मगाशी मधीच फोन आला तवा तुमी कानडी बोललासा, ऐकलोय मी. लई झ्याक बोलताय. पर पावणं, एवढं माझं ऐका. त्येनं इचारलं तर माघारी न्हेलं म्हणून सांगा.